सेन्सेईंचा दगड

"मोउ इक्काई." म्हणजे आणखी एकदा. आमचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, हे दोन शब्द काम बिघडल्यावर म्हणत नसत, काम नीट झालं की म्हणत. पट्टीवरचा आकडा वाचून झाला, मी तो वहीत लिहिला, वारा पडलाय, ऊन छान आहे, आता डबे उघडावेत अशी वेळ आली की ते टोपी काढून टक्कल पुसत, टोपी पुन्हा घालत आणि ओशाळल्या आवाजात म्हणत, "आपुते-सान, मोउ इक्काई."

मी आपटे. जपानी जिभेला जोडाक्षर जड जातं, म्हणून आपुते. वर्षभरात त्या नावाची मला इतकी सवय झाली की पुण्याहून सासूबाईंचा फोन आला तरी मी "हो, आपुते" म्हणून उचलत असे. सासूबाई त्यावर काही बोलत नसत, पण त्यांचं न बोलणं मला ऐकू येई.

आता ते काम काय होतं हे सांगायला हवं. जपानच्या दक्षिण किनाऱ्याखाली समुद्राचा तळ सावकाश जमिनीच्या पोटात शिरतो आहे. शिरताना तो किनाऱ्याची कड आपल्याबरोबर थोडी थोडी खाली ओढत नेतो. मग कधीतरी ताण असह्य होतो, मोठा भूकंप होतो आणि तीच कड एका झटक्यात वर उसळते. खाली जाणं आणि वर येणं यांची बेरीज-वजाबाकी केली की काही ठिकाणी किनारा थोडासा वरच राहतो. किती वर आणि किती वर्षांत, एवढंच सेन्सेई मोजत. तरुणपणापासून तेच.

हे सगळं मी सासूबाईंना फोनवर समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"वर्षाला साधारण किती वर येतो गं?"

"तांदळाचा दाणा असतो ना, त्याच्या जाडीइतका."

"आणि ह्याचा पगार देतात?"

देत होते. मी तिथे कशी पोचले ती गोष्ट त्या काळातल्या आमच्यासारख्या पुष्कळ बायकांची आहे. दोन हजार सालानंतर पुण्यातली मुलं भराभर जपानी बँकांची सॉफ्टवेअरं लिहायला निघाली, त्यांत माझा नवरा. आधी दोन वर्षं टोक्योतल्या निशी-कसाईला होतो. तिथे खाली उतरलं की तूरडाळ मिळायची आणि मराठीत भांडायला माणसं मिळायची. मग कंपनीने ओसाकाला पाठवलं. तिथे दोन्ही नव्हतं. मुलगी पाळणाघरात जाऊन ओसाकाच्या बोलीत मलाच दटावायला लागली. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई, कचऱ्याचे प्रकार पाठ करत बसले होते. कोणत्या वारी कोणता कचरा, यात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

बुधवारी वॉर्ड ऑफिसात परदेशी बायकांसाठी जपानीचा फुकट वर्ग असे. शिकवायला एक हसऱ्या बाई यायच्या. "भारतात काय शिकलात?" असा पाठ होता. मी "दगड" म्हणाले. माझा शब्दसंग्रह तेवढाच होता. बाईंचे डोळे चमकले. पुढच्या बुधवारी त्या निरोप घेऊन आल्या, "माझे यजमानही दगडच करतात. त्यांना वही लिहायला माणूस हवंय."

तर असा मला बाइतो मिळाला. बाइतो म्हणजे तासांवरची नोकरी. बाकी सगळे कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांत, चहा-बिस्किटं विकत होते, मी समुद्राची उंची लिहीत होते.

महिन्यातून दोन-तीन दिवस आम्ही 'की' नावाच्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळच्या एका कोळीगावात जात असू. ओसाकाहून गाडीने चार तास. सेन्सेई खिडकी मला देत आणि स्वतः समोर बसून डोळे मिटत. ते झोपत नसत. बोगदा आला की आतूनच सांगत, "हा लांब आहे."

तिथल्या खडकांवर भरतीच्या रेषेशी एक बारीक किडा राहतो. तो स्वतःभोवती चुन्याची नळी बांधतो. हजारो नळ्या एकमेकींत गुंतून खडकाला चिकटतात. हा प्राणी पाण्याच्या एका ठरावीक पातळीलाच जगतो, वरही नाही, खालीही नाही. त्यामुळे डोक्याच्या वर कुठे त्याच्या मेलेल्या नळ्या दिसल्या की समजायचं, एके काळी समुद्र इथे होता. जिवंत किड्यांच्या रेषेपासून मेलेल्यांपर्यंतची उंची मोजायची, मेलेल्यांचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून वय काढायचं, आणि भागाकार करायचा. काम संपलं.

पहिल्यांदा त्या वाळलेल्या नळ्या पाहिल्या आणि मी मराठीतच ओरडले, "अय्या, कुरडया!" हुबेहूब. पत्र्यावर वाळत घातलेल्या, मग विसरलेल्या. सेन्सेईंनी शब्द दोनदा म्हणवून घेतला. पुढे मी पुण्याहून खरोखरच्या कुरडया आणल्या, तर या गृहस्थांनी एक कुरडई भिंगाखाली धरली, उलटसुलट केली आणि गंभीरपणे विचारलं, "हिची वाढ कोणत्या दिशेने होते?" मी म्हटलं, "तेलात टाकली की सगळ्या दिशांनी." तळून दिल्यावर त्यांनी चार खाल्ल्या, पाचवी नमुन्याच्या पिशवीत घालून खिशात ठेवली. बायकोला दाखवायला.

मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. स्टेशनवरच्या कोन्बिनीत ओनिगिरी, म्हणजे आत सारण भरलेले भाताचे गोळे, घेताना ते प्रत्येक पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं त्याच भिंगाने वाचत उभे राहायचे. मागे रांग. माशाचा अर्क कुठल्या आंबट बोराच्या आडून आत शिरेल सांगता येत नाही. एकदा तर काउंटरवरच्या मुलीला त्यांनी कंपनीला फोन करायला लावला. गाडी सुटली. पुढची दीड तासाने होती. "मोजमापात घाई करायची नाही," एवढंच ते म्हणाले, आणि आम्ही फलाटावर बसून खात्रीचा भात खाल्ला.

त्यांची आकडे लिहायची एक रीत होती. तिकडचे सगळेच मोजणीवाले ती पाळतात म्हणे. वाचणाऱ्याने दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा म्हणायचा. लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मगच वहीत लिहायचा. लाटांच्या आवाजात एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं की चूक सापडते. घाईत एकदा माझ्या तोंडून मराठी गेलं, "एकोणऐंशी!" दुर्बिणीमागून टक्कल वर आलं. हा आकडा सात आणि नऊ असा का म्हणत नाही, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ऐंशीला एक कमी. "म्हणजे तुमच्याकडे मुलं बोलताबोलता वजाबाकी करतात," असं ते म्हणाले. मराठी माणसाबद्दल त्यांचा आदर तिथून जो वाढला तो शेवटपर्यंत उतरला नाही. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आता त्यांच्या दगडाकडे येते.

गावाच्या पश्चिमेला एका छोट्या खाडीत कड्याला टेकून एक खोलीएवढा दगड होता. त्याच्यावर, माझ्या डोक्याच्याही बऱ्याच वर, कुरडयांचा एक पट्टा होता. सेन्सेई तरुण असताना त्यांच्या गुरूंबरोबर त्यांनी तो शोधला होता. त्या किनाऱ्यावरची सर्वांत जास्त उंची तीच. तांदळाच्या दाण्याचा आकडा तिथूनच आला होता. पुढच्या लोकांनी आपापल्या गणितांत तो विश्वासाने धरला होता. गावानेही बंदरावर फलक लावला होता, आमची जमीन वर्षाला इतकी वर येते म्हणून. गुरू वारले होते. सेन्सेई येत्या मार्चला निवृत्त व्हायचे होते आणि त्याआधी त्या दगडावर शेवटचा निबंध, वर गुरूंचं नाव घालून, छापायचा होता. त्यासाठीच तर मी वही घेऊन हिंडत होते. तीस वर्षं त्यांनी तो एकच बिंदू मिलिमीटरपर्यंत पुन्हा पुन्हा मोजला होता. मोउ इक्काई, मोउ इक्काई.

सप्टेंबरात मोठं वादळ झालं. ऑक्टोबरात आम्ही गेलो तेव्हा खाडीचं रूप पालटलं होतं. दगडाच्या पायाशी साचलेला गोट्यांचा आणि ओंडक्यांचा ढीग समुद्राने धुऊन नेला होता. सेन्सेई वर दुर्बीण मांडत होते. मी खाली, समुद्राच्या बाजूला, पट्टी धरून उभी होते. त्या बाजूला आजवर उभं राहायला जागाच नव्हती.

तिथून पट्टा तिरका दिसत होता.

थोडा नाही, चांगला तिरका. पाणी तर तिरकं उभं राहत नाही. लाटा ज्या बाजूने आदळतात तिकडे हे किडे जरा उंच राहतात, हे मला सेन्सेईंनीच शिकवलं होतं. इथे उलट होतं, समुद्राकडची बाजू खाली. मी वाकून दगडाच्या बुडाशी पाहिलं. तो खडकावर नव्हता, गोल गोट्यांवर टेकला होता. मी आडवी झाले आणि दगडाखालच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. वरच्या बाजूला, म्हणजे दगडाच्या पोटाला, जिथे कधी उजेड पोचला नसेल, जिथे त्या स्थितीत कुठलाही जीव जगला नसता, तिथे माझ्या बोटांना कुरडया लागल्या.

पुण्यात आमचे एक सर होते. कोकणात सहलीला नेलं की पहिला प्रश्न, "दगड जागचा की घरंगळलेला?" मी पहिल्याच सहलीत एका घरंगळलेल्या धोंड्याचा उतार फार सुबक मोजला होता आणि वर्षभर वर्गाची करमणूक झाले होते. आमच्या धंद्यात याहून बाळबोध चूक नाही. आणि ती इथे माझ्या सेन्सेईंनी केली होती, त्यांच्याही गुरूंनी केली होती. हा दगड कधीकाळी खाली पाण्यात होता. कुठल्यातरी जुन्या त्सुनामीने तो किड्यांसकट उचलून वर आणून ठेवला होता. उंची लाटेची होती, जमिनीची नव्हती.

मी हात बाहेर काढला, कपडे झटकले आणि पट्टी धरून उभी राहिले. सेन्सेईंनी आकडा वाचला. मी परत म्हटला. त्यांनी टोपी काढली, घातली. "मोउ इक्काई." आम्ही तो पुन्हा घेतला. मला रडू येत होतं.

संध्याकाळी खानावळीतून नवऱ्याला फोन केला.

"अगं, तू आहेस बाइतोवर," तो म्हणाला. "पाच महिन्यांत ते रिटायर होणार. सुखाने जाऊ दे ना त्यांना. आमच्याकडे तर सिस्टिम गो-लाइव्ह व्हायच्या आदल्या दिवशी बग दिसला की लोक डोळे मिटतात."

"आणि मग?"

"मग काय, नंतर सापडतो," तो म्हणाला. आणि मग स्वतःच म्हणाला, "सांग बाई त्यांना."

रात्री झोप आली नाही, एवढंच लिहिते. सकाळी न्याहारीला मी भाताला हात लावला नाही. सेन्सेईंनी विचारलं, "यात मासा आहे का?" मी नाही म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या मोडक्या जपानीत, मधेच इंग्रजी, हाताने दगड तिरका करून दाखवत. ते ऐकत राहिले. सूप निवलं. मला वाटलं, आता हे म्हणतील की तुम्हाला काय कळतं.

ते म्हणाले, "मोउ इक्काई सांगा. सावकाश."

मी पुन्हा सांगितलं. मग आम्ही खाडीवर गेलो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, त्यांनी जाकीट काढून घडी घालून ठेवलं, पालथे पडले आणि फटीत हात घातला. तोंड माझ्याकडे होतं, गाल वाळूवर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हात आत कुठेतरी चाचपडत होता. मग तो थांबला. त्यांनी डोळे मिटले. मला त्या वेळी त्यांचा इतका कळवळा आला की मी काहीतरी खोटं बोलून ते सगळं परत घेतलं असतं, पण कुरडया त्यांच्याच हाताला लागल्या होत्या.

उठून बसल्यावर त्यांनी बाही झटकली. "आपुते-सान, लिहा."

मी वही उघडली.

"दगड जागचा नाही."

ते वाट पाहत होते. आमच्याकडे परत म्हटल्याशिवाय लिहायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलेलं. शेवटी मी म्हटलं, "दगड जागचा नाही." त्यांनी मान डोलावली, आणि मी लिहिलं. त्या वहीत खोडरबर चालत नसे. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता यायला हवा. जुन्या आकड्यावर ती रेघ त्यांनी स्वतः मारली, पट्टी लावून.

त्यानंतरचे दोन आठवडे सेन्सेई माफी मागत हिंडले. जपानी माणूस माफी मागायला निघाला की मिठाईचा डबा घेऊन निघतो. निबंध छापणाऱ्यांकडे डबा, गावच्या कचेरीत डबा. तिथल्या तरुण कारकुनाने फलकाकडे पाहत चिंतेने विचारलं, "जमीन कमी वर येते, म्हणजे आमच्यासाठी चांगलं की वाईट?" सेन्सेईंनी विचार करून सांगितलं, "तसं काहीच नाही. फक्त फलक बदलावा लागेल." कारकुनाला हायसं वाटलं.

सर्वांत मोठा डबा गुरूंच्या पत्नींकडे. मलाही बरोबर नेलं. बाई नव्वदीच्या, लहानशा, ताठ बसलेल्या. सेन्सेईंनी चटईला कपाळ टेकवलं आणि सगळं सांगितलं, की तुमच्या यजमानांच्या नावाचा आकडा माझ्या हातून पुसला जातो आहे. बाईंनी चहा ओतला.

"म्हणजे पुन्हा मोजायला जावं लागणार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अरेरे," बाई म्हणाल्या, "ते असते तर किती खूश झाले असते. घरातून निघायला त्यांना निमित्तच हवं असायचं."

परतताना फलाटावर आल्यावर सेन्सेई हसायला लागले, ते थांबेचनात. मीही हसले. लोक बघत होते.

हिवाळाभर आम्ही शेजारच्या गुहेत काम केलं. तिथल्या कुरडया जागच्या खडकावर होत्या, माझ्या कंबरेएवढ्या उंचीवर, मुकाट. प्रत्येक पट्ट्यासमोर सेन्सेई आता आधी मला विचारत, "जागचा?" मी ठोकून, वाकून, सगळ्या बाजूंनी पाहून "जागचा" म्हटल्यावरच दुर्बीण मांडत. मार्चच्या सुरुवातीला नवा आकडा आला. जुन्याच्या अर्ध्याहून कमी. सासूबाईंना कळवलं की तांदूळ नाही, खसखस. त्या म्हणाल्या, "मग पगार कमी केला का?"

तिकडे निवृत्त होणारा प्राध्यापक एक शेवटचं व्याख्यान देतो. लोक त्यात आयुष्यभराचं काम मांडतात, विद्यार्थी फुलं देतात, एकूण मंगलकार्यच. सेन्सेईंनी तासभर फक्त तो दगड सांगितला. आपण आणि आपल्या गुरूंनी चढायला सोपी म्हणून एकाच बाजूने कसं पाहिलं, एकच बिंदू तीस वर्षं किती अचूक मोजला, आणि कुठे कसं फसलो. शेवटी पडद्यावर दगडाखालच्या फटीचं चित्र लावून म्हणाले, "इथे पहिला हात आपुते-सान यांनी घातला." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुण्याची असूनही मला काही बोलायला सुचलं नाही. नव्या निबंधावर त्यांनी माझं नाव आपल्या आधी घातलं. मी भांडले, पण त्या बाबतीत ते भारी हट्टी निघाले. पुढे भारतात परतल्यावर मला पीएच.डी.ला घेतलं ते त्या निबंधामुळे. आज मी कॉलेजच्या मुलांना कोकणात नेते ते त्यांच्यामुळे.

तीन वर्षांपूर्वी वॉर्ड ऑफिसातल्या त्या बाईंचं पत्र आलं. सेन्सेई गेले. शांतपणे, घरी, झोपेत. शेवटपर्यंत गुहेत जात होते, असं बाईंनी लिहिलं होतं.

पत्र वाचून मी बाल्कनीत जाऊन बसले. मला व्याख्यान आठवलं नाही. एप्रिलमधला आमचा शेवटचा दिवस आठवला. तोवर ते निवृत्त झाले होते, आमच्या घरी भारतात परतायची बांधाबांध सुरू झाली होती. पाणी खूप ओसरलं होतं, काम लवकर आटपलं. गुहेतून मी पट्ट्या गोळा करून बाहेर आले तर सेन्सेई कुठे दिसेनात. हाका मारल्या. मग वर पाहिलं.

ते त्या दगडावर चढून बसले होते. इतकी वर्षं त्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून ते सगळ्यांना हातभर लांबून चालायला लावायचे. आता बूट काढून शेजारी ठेवले होते, मोज्यांतले पाय कुरडयांच्या पट्ट्यावर सोडले होते आणि ओनिगिरीचं पाकीट उघडत होते. मला पाहून त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली.

"आपुते-सान, वर या," ते म्हणाले. "आता हा नुसता दगड आहे. इथून समुद्र फार छान दिसतो."